भरतीला न जेवणारे कप्तानकाका

ये, अशी जवळ ये. दाराशी काय बसलीस वर्गणी मागायला आल्यासारखी? तो फोन पालथा ठेव जरा, पळून नाही जात. परवा तू जे केलंस ते काही मला आवडलं नाही. तुझ्या मैत्रिणीनं कुठंसं ऐकलं होतं की तापीत पूर्वी आगबोट चालायची, आणि तू तिच्या तोंडावर हसलीस. ‘त्या नदीत म्हशी डुंबतात, आगबोट कुठली!’ म्हणे. अगं, हसायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारावं की नाही?

आगबोट मीही पाहिली नाही. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी ती मोडीत निघाली. पण ती मोडीत निघाल्यावरही जो माणूस तिच्या वेळेवर जेवत राहिला, त्याच्या घरात मी नवी नवरी म्हणून आले आणि तिथंच माझी पहिली चूल मांडली.

तुझे आजोबा तेव्हा इथं सुरतेत, उधन्याला कापडाच्या कारखान्यात लागले होते. उधन्याला धड जागा मिळेना, म्हणून नानपुऱ्यात नदीच्या ओवाऱ्याजवळ खोली बघायला गेले. ओवारा म्हणजे घाट गं, इकडे तसंच म्हणतात. घर अरुंद आणि उंच, काडेपेटी उभी ठेवल्यासारखं. वर मालक राहायचे, एकटे. सत्तरीच्या पुढचे, काटकुळे, डोक्यावर काळी टोपी, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यांनी आजोबांना एकच प्रश्न विचारला, “पोहता येतं का?”

आजोबा म्हणाले, “आमच्या गावच्या नदीला उन्हाळ्यात घोटाभर पाणी. कुठं पोहणार?”

“मग नदी चढली की सरळ वर यायचं. परवानगी मागत बसायचं नाही.”

झाली चौकशी! त्याआधी दोन-तीन मालकांनी आमचं आडनाव ऐकून दार लोटून घेतलं होतं. आम्ही बौद्ध, ते आडनावावरून कळायचं. या गृहस्थानं आडनाव विचारलंच नाही. आजोबा घरी येऊन म्हणाले, “माणूस येडा दिसतो. पण आपल्या कामाचा येडा आहे.”

गल्लीत सगळे त्यांना कप्तानकाका म्हणत. मला वाटलं, लष्करात असतील. मग कळलं की माणूस जन्मभर जकात नाक्यावर कारकून होता. बैलगाड्यांतली पोती मोजून पावत्या फाडून पेन्शनीत निघालेला. होडीत बसले तर त्यांना मळमळायचं, हे त्यांनीच मला सांगितलं. पण बोलणं सगळं बोटीवरचं. सकाळी नळ येऊन गेला की जिन्यावरून हाक यायची, “सूनबाई, पिंपात पाणी किती?” मी म्हणायची, अर्धं. ते म्हणायचे, “अर्धं म्हणजे काय? वाव सांग!” वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होते तेवढी लांबी. मग मीही ओरडायला शिकले, “पाव वाव, काका!” समोरच्या गुजराती बेन खिडकीत उभ्या राहून हसायच्या.

आणि रोजचा दुसरा प्रश्न, “आज तिथी कोणती?” पंचांगातली बारीक अक्षरं त्यांना दिसेनाशी झाली होती आणि आमच्या भिंतीवर बुद्धाच्या चित्राचं मोठं कॅलेंडर होतं. समोरच्या बेनना वाटायचं, काका फार देवभोळे, एकादशी-चतुर्थी चुकू देत नाहीत. मी मात्र त्यांना कधी देवळात जाताना पाहिलं नाही.

ते काय प्रकरण आहे हे मला रडून कळलं. ऐक.

राहायला आले त्याच आठवड्यात मी भरीत केलं होतं. आपलं खानदेशी, हिरव्या मिरच्यांचं, वर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. शेजारधर्म म्हणून दुपारी बाराला ताट झाकून वर दिलं. त्यांनी घेतलं, “ठेव तिथं” म्हणाले. तासाभरानं ताट आणायला गेले तर जसंच्या तसं. झाकणसुद्धा हललेलं नाही. पुन्हा दोनला गेले, तेच. काका खिडकीशी बसून नदीकडे बघतायत आणि ताट मागे पडलंय. आपलं ताट परत का येतं हे आपल्या माणसांना शिकवावं लागत नाही, पोरी. मी खाली आले आणि पदर तोंडात कोंबून रडले. म्हटलं, आडनाव नाही विचारलं, पण कळलेलं दिसतंय.

चारच्या सुमाराला वर घंटा वाजली. घण घण घण. मी दचकले. मग भांड्यांचा आवाज, आणि थोड्या वेळानं काका ताट घेऊन स्वतः खाली. ताट चाटूनपुसून लख्ख. आणि म्हणतात कसे, “सूनबाई, भरीत उत्तम. पण मिरची कमी पडली. माझं वय बघून कमी घातलीस काय? तसं करायचं नाही.”

मी म्हटलं, “काका, मग चार तास ताट पडून का होतं?”

ते माझ्याकडे बघत राहिले, मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यागत. “पाणी चढत होतं ना. पाणी चढत असताना कप्तान जेवतो काय कधी?”

“पण तुम्ही कुठं कप्तान?”

“मी नाही. थोरले.”

थोरले म्हणजे त्यांचे आजोबा. मूळचे कोकणातले, दाभोळच्या बाजूचे. आगबोटीवर कोळसा ओढायला लागले आणि चढत चढत सुकाणूपर्यंत पोचले. बोटीचा मालक त्यांना सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणायचा, पण नदीकाठची माणसं कप्तान म्हणत. बोटीच्या दोन्ही बाजूंना मोठाली चाकं, मधे धुराडं. सुरतेच्या धक्क्यावरून माणसं आणि कापसाच्या गाठी घ्यायच्या आणि नदीच्या मुखापाशी, समुद्रात मोठी जहाजं उभी असत तिथं पोचवायच्या. ऐकायला सोपं. पण ही तापी तेव्हाही उथळ. वाळूचे उंचवटे आज इथं, उद्या तिथं. भरतीचं पाणी आत आलं की तेवढ्या वेळात बोट काढायची, नाहीतर बसा वाळूवर. पुढे एक माणूस शिशाचं वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडून ओरडत राहायचा, “दोन वाव! दीड वाव! सव्वा!” आणि कप्तानाचा जीव त्याच्या आवाजात. त्या वेळात पाणी नाही प्यायचं, विडी नाही ओढायची, जेवणाचं तर नावच नको. पाणी उतरायला लागलं, बोट ठिकाणाला लागली, की घंटा वाजवायची आणि मग जेवायचं.

बोट गेली, थोरले गेले, आणि नातू जकात नाक्यावर बसून तोच नियम पाळत होता.

आता भरतीची वेळ रोज एकसारखी नसते. आज दुपारी बाराला असेल तर उद्या पाऊण तासानं पुढे, परवा आणखी पुढे. म्हणून ती तिथी. तिथीवरून ते भरतीचा हिशोब काढायचे. त्यामुळे त्यांचं जेवण दिवसभर चालत फिरायचं. कधी सकाळी सातला वरणभात, कधी दुपारी चारला. नाक्यावर साहेबानं एकदा म्हणे खडसावलं होतं, जेवणाच्या सुट्टीत डबा बंद आणि कामाच्या वेळेला उघडा, हे काय चाललंय? काका म्हणाले, “साहेब, सुट्टी चुकीच्या वेळेला दिलीय.” साहेबानं कपाळावर हात मारला आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

काकू मी बघितल्या नाहीत, त्या आधीच वारल्या होत्या. समोरच्या बेन सांगायच्या, काकूंनी सुरुवातीला वर्षभर नवऱ्याच्या वेळेला जेवून पाहिलं. मग एक दिवस म्हणाल्या, “मी माणसाशी लग्न केलंय, नदीशी नाही,” आणि बाराला जेवायला लागल्या. मुलगाही आईबरोबर बाराला. काका खिडकीत. एका घरात राहून तीन माणसं, पण ताटं कधी एकत्र नाही मांडली गेली. मुलगा मोठा झाला, बँकेत लागला, बडोद्याला गेला. दिवाळीला यायचा बायको-मुलांना घेऊन. मी खालून ऐकायची, “बाबा, आज तरी बसा. पोरं थांबलीत.” आणि काकांचं बारीक आवाजात, “तुम्ही बसा रे. अजून तासभर आहे.”

समोरच्या बेन चांगल्या होत्या. लग्न असो, बारसं असो, जिन्याखालून जेवायला हाक मारायच्याच, “काका, जमवा चालो ने!”

वरून उत्तर, “पाणी चढे छे, बेन!”

पण महिन्यात चार-सहा दिवस असे यायचे की त्यांची वेळ आणि जगाची वेळ जुळायची. त्या दिवशी काका सकाळपासूनच निराळे. दाढी घोटून, धुतलेला सदरा घालून, गल्लीत उगाच फेऱ्या मारायचे. कोणी नुसतं “या जेवायला” म्हणायचा अवकाश, लगेच चपला काढून आत. पंगतीत बसून इतकं बोलायचे, इतकं हसवायचे की लोक म्हणायचे, काका, रोज का नाही हो असे? तिथी सरकली की पुन्हा वर, खिडकीशी.

मला त्यांचं एकटं जेवणं जास्त कळायचं, कारण मीही तशीच होते. आजोबांची पाळी दर आठवड्याला बदलायची. ते कामावर, नाहीतर झोपलेले. माझ्या माहेरी सोळा माणसं जेवायला. गावात सकाळी भेटणारं प्रत्येक माणूस पहिलं हेच विचारायचं, “जेवन व्हयनं का?” इथं मला विचारणारं कोणी नव्हतं. चुलीपाशी उभ्या उभ्या दोन घास गिळायचे आणि भांडी घासायला घ्यायची.

मग अडुसष्टचा पूर आला. तुमच्या पिढीनं दोन हजार सहाचा ऐकलाय, आम्ही तो आधीचा सोसलाय. सकाळी ओवाऱ्याच्या पायऱ्या दिसत होत्या आणि दुपारी आमच्या खोलीत पाणी. आम्ही गाठोडं घेऊन सरळ वर गेलो, परवानगी न मागता. समोरच्या बेन, त्यांचे मालक, सासू, त्यांनाही काकांनी फळी टाकून खिडकीतून आत घेतलं. खाली पाणी घुसळतंय, झाडं वाहतायत, छपरं वाहतायत, बेनच्या सासूबाई रामनाम घेतायत. आणि काका खिडकीतून वळून बघतात तर चेहऱ्यावर हसू! मला वाटलं, झालं, म्हातारा आता खरंच गेला कामातून.

“सूनबाई, चूल पेटव,” म्हणाले. “सगळी मिळून बसू.”

“काका, तिथी पाहिली नाही आज.”

“तिथी कशाला? बघ ना बाहेर. एवढ्या पुरापुढे भरतीची काय टाप आत यायची! पाणी नुसतं समुद्राकडे चाललंय. आता ओहोटीच ओहोटी. जेवा!”

आणि खरंच सांगते, बाहेर सुरत बुडत होती आणि त्या माडीवर मी पोटभर जेवले. एकच पातेलं, खिचडी, तीही धुरकट. बेननी आणलेलं लोणचं. सगळे गोल बसलो. बेनच्या सासूबाईंनी आधी आमच्याकडे बघून जरा पदर आवरला होता, पण भुकेपुढे आणि पाण्यापुढे तेही गळून पडलं. काका वाढतायत, आग्रह करतायत, “घे गं, उतारूंनी उपाशी राहायचं नाही बोटीवर.”

त्या दिवसांतच त्यांनी मला खरी गोष्ट सांगितली. बाकीचे पेंगत होते, मी तांदूळ निवडत होते, ते खिडकीत.

म्हणाले, थोरल्यांनी एकदा नियम मोडला होता. त्यांचा धाकटा भाऊ गावाहून आला होता, उतारू म्हणून त्याच बोटीवर. आईनं शिदोरी दिली होती, तांदळाची भाकरी आणि सुक्या माशांची चटणी. भाऊ म्हणाला, आईच्या हातचं आहे, माझ्यासमोर दोन घास खा, मग मी तिला जाऊन सांगेन. पाणी भरत आलेलं. थोरल्यांनी सुकाणू दुसऱ्याच्या हातात दिलं आणि शिदोरी उघडून बसले. दोनच घास. बोट वाळूवर चढली.

“भरतीच्या सुरुवातीला रुतली तर बरं असतं,” काका म्हणाले. “वाढतं पाणी उचलून घेतं. पण शेवटाला रुतली की संपलं. पुढे पाणी उतरतच जातं.”

पाणी उतरलं तशी बोट कलायला लागली. होड्या आल्या, बायामुलं उतरवली. भाऊ कोकणातला, पाण्यात वाढलेला, तो सगळ्यांना हात देत शेवटपर्यंत वर थांबला. बोट एकदम आडवी झाली. तो तिच्याखाली गेला तो गेलाच.

“कोणी थोरल्यांना दोष दिला नाही,” काका म्हणाले. “वाळू जागा बदलते, सगळ्यांना माहीत होतं. बोट पुन्हा उभी केली, पुन्हा चालवली. मग आगगाडी आली, उतारू तिकडे गेले. थोडी वर्षं नुसता कापूस वाहिला. नंतर बोट भंगारात. थोरले या खिडकीत येऊन बसले ते मरेपर्यंत. पण भरतीला घास नाही घेतला.”

मी विचारलं, “तुम्ही का पाळता पण? चूक तुमची नव्हती.”

ते म्हणाले, “माझे आईबाप प्लेगात गेले. मी एवढासा. थोरल्यांनी वाढवला. घंटा वाजली की ते मला हाक मारायचे. मी डोळे चोळत यायचा, त्यांच्या ताटाला ताट लावून बसायचा. मला दुसऱ्या कोणाबरोबर जेवल्याचं आठवतच नाही गं. आता मी बाराला जेवलो तर त्यांच्याबरोबर कोण बसेल?”

मी तांदळात हात घालून तशीच बसले.

पाणी उतरलं, घरभर चिखल राहिला. बेन आपल्या घरी गेल्या, आम्ही खोली धुऊन काढली. काही दिवसांनी नदीत भरती पुन्हा आत यायला लागली. जिन्यावरून हाक आली, “सूनबाई, आज तिथी कोणती?” मी सांगितली. त्यांचं नुसतं “बरं” ऐकू आलं.

आता पुढचं सांगते ते तुझ्या बाबालाही मी कधी नीट सांगितलेलं नाही. त्याच्या आधी माझ्या पोटी एक बाळ होतं. सातव्या महिन्यात गेलं. आई गावाहून आली, पण पेरणीचे दिवस, किती राहणार? ती गेली आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले. घास तोंडात घातला की तो नुसता फिरायचा, खाली उतरायचाच नाही. बेननी शिरा आणला, बाजरीची पातळ राब आणली. आजोबांनी हात जोडले. मी तोंड उघडायची नाही. डॉक्टरीणबाई दारात उभं राहून आजोबांना म्हणाल्या, “हिच्या अंगात रक्त राहिलेलं नाही. खाल्लं नाही तर हीही हातची जाईल, मग मला बोलावू नका.” मी ऐकलं. ऐकून मला काहीच वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

आजोबांची रजा संपली. दुपारच्या पाळीला निघताना जिन्याखाली उभं राहून ते काकांना काहीतरी म्हणाले. एवढंच कानावर आलं, “तुम्ही बघा काका. माझं ऐकत नाही.”

थोड्या वेळानं काका खाली आले. एका हातात पेजेचं पातेलं, दुसऱ्या हातात दोन थाळ्या. उकड्या तांदळाची पेज, वर तुपाचा थेंब. माझ्या अंथरुणापाशी जमिनीवर मांडी घालून बसले. दोन्ही थाळ्यांत पेज वाढली. एक माझ्यापुढे सरकवली.

“ऊठ. बस.”

मी म्हटलं, “मला नको. तुम्ही न्या वर.”

“मी एकटा नाही जेवणार आज.”

माझी नजर कॅलेंडरवर गेली. इतक्या वर्षांत मलाही हिशोब पाठ झाला होता. “काका,” मी म्हटलं, “पाणी चढतंय.”

“ठाऊक आहे मला. तू मला शिकवू नकोस.”

“भरती आहे, काका!”

“असू दे.”

आणि त्यांनी थाळी उचलली. कडेवरून पेज सांडली, सदऱ्यावर ओघळली. डोळे मिटले आणि एक घोट घेतला. मग गिळेनात. घोट तोंडात धरून तसेच बसले, गाल फुगलेले, कपाळावर घाम. कुठंतरी आता काहीतरी आदळणार, मोडणार, असं कान देऊन बसल्यासारखे. मलाच धडकी भरली. मी उठून बसले, त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनी गिळलं.

“मीठ कमी आहे,” म्हणाले. “घे.”

मी म्हटलं, “थोरल्यांना काय सांगाल?”

“सांगेन, उतारू उपाशी होता.”

मग मी कशी नाही म्हणू? सत्तर वर्षं ज्यानं तो घास घेतला नव्हता त्यानं तो माझ्यासमोर घेतला, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडू? थाळी उचलली. एक घोट घेतला, मग दुसरा. रडत होते की पेज पीत होते, माझं मलाच कळेना. आम्ही दोघांनी पातेलं संपवलं. ते थाळ्या गोळा करून वर गेले, आणि मग संध्याकाळपर्यंत त्यांच्या पायांचा आवाज येत होता. खिडकीपाशी जायचे, परत यायचे. पुन्हा जायचे.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, “काका, येताय खाली जेवायला?”

“पाणी चढतंय, सूनबाई,” वरून उत्तर. काल काही झालंच नव्हतं जसं.

मग मीच ठरवलं. घंटा वाजली की माझं ताट घेऊन मी वर जायची. सकाळी सात तर सात, दुपारी चार तर चार. आजोबा घरी असले तर त्यांना वाढून जायची. ते म्हणायचे, “आमच्या कारखान्याच्या पाळ्या बऱ्या, तुमच्या नदीच्या पाळ्या अवघड.” काका मला वाढायचे, मी त्यांना. बोलायचो फार नाही. नदीत बोट नव्हती, होड्या होत्या, वाळू होती. धरण झाल्यावर तर पाणी आणखीच आटलं. तरी ते हातानं दाखवून सांगायचे, थोरले बोट इथून वळवायचे, तिथं भोंगा द्यायचे. तुझा बाबा पोटात होता तेव्हा मी अशी नदीच्या घड्याळावर जेवले. म्हणून तो असा अवेळी भुकेला होतो, असं मी त्याला चिडवते.

तुझा बाबा झाल्यावर उधन्याला खोली मिळाली. कारखान्याच्या जवळ, भाडं कमी, शाळा जवळ. जाणं भाग होतं. सामान टेम्पोत चढत होतं आणि काका कॅलेंडर भिंतीवरून काढून द्यायला आले. मी म्हटलं, “राहू दे, तुम्हाला लागेल.” ते म्हणाले, “सांगणारं कोण आहे? ने तू.” आणि तुझ्या बाबाच्या डोक्यावर हात ठेवून वर निघून गेले. टेम्पो सुटला तरी खिडकीत आले नाहीत.

पुढे दोनेक वर्षांनी जिन्यावरून पडले. मुलगा आला आणि बडोद्याला घेऊन गेला. आम्हाला नंतर कळलं.

मग एकदा काकांचा मुलगा उधन्याला आमचं घर शोधत आला. घर विकलं म्हणाला, आणि बाबा गेले म्हणाला. बाबांनी तुमची फार आठवण काढली, म्हणून सांगायला आलो. चांगला होता बिचारा. मी चहा केला. तो सांगत होता, “शेवटचं वर्ष बाबांचं फार सुखात गेलं. एकदम सुधारले. आमच्या सगळ्यांबरोबर टेबलावर जेवायचे. दुपारी बारा, रात्री आठ. कधी कुरकूर नाही.”

मी विचारलं, “आपणहून?”

“पहिले काही दिवस विचारायचे, इथं पाणी कधी चढतं? मी म्हटलं, बाबा, बडोद्याला कुठली भरती? समुद्र कुठं, आपण कुठं! मग विचारणं बंद झालं. हाक मारली की येऊन बसायचे.”

“बोलायचे का जेवताना?”

त्यानं कप खाली ठेवला. “नाही. जेवताना बोलायचे नाहीत. नातवंडं बोलायची, ते बघत बसायचे.”

त्याला आनंद झाला होता गं, जन्मभर बापाच्या शेजारी बसायची वाट बघितलेला मुलगा. मी त्याला काय सांगू? मी फक्त म्हटलं, “बरं झालं. सगळ्यांबरोबर जेवले.” तो गेला आणि मी मोरीत जाऊन चूळ भरली, तोंड धुतलं. काकांना तिथं सोबत मिळाली की होती तीही सुटली, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं, सुटले बिचारे त्या पाण्यातून. कधी वाटतं, थोरले त्या खिडकीत ताट घेऊन बसलेत आणि घंटा कोणी वाजवत नाही.

आता आजोबा नाहीत. तुझा बाबा ऑफिसात, आई शाळेत, तू त्या हॉस्टेलात. डिंडोलीचं हे घर दिवसभर नुसतं माझं. भाकरी एकीची केली काय आणि न केली काय. कधी अडीचला खाते, कधी चारला, कधी विसरतेच. तू म्हणशील, आजी, वेळेवर जेव. वेळेचं काही नसतं, पोरी. शेजारी कोण आहे, एवढंच असतं. तेव्हा सुट्टीची वाट बघू नकोस. येत्या रविवारीच ये. बसला उशीर झाला, आडवेळ झाली, तरी ये. मी जेवायची थांबते.